आधी चुका वाचायच्या

बाबा,

गेल्या महिन्यात बनारसला जाऊन आले. कामासाठीच गेले होते, उगाच हळवे होऊ नका. नदीपासून दूर, छावणीच्या बाजूला एका मोठ्या हॉटेलात परिषद होती. पुढच्या तीस वर्षांत वीज कुठून येईल, कोणाला मिळेल आणि त्यामुळे राजकारण आणि माणसं कशी बदलतील, यावर मला बोलायचं होतं. हल्ली माझं पोट यावरच चालतं. माझ्या नावाखाली 'फ्युचरिस्ट' असं छापतात. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर सरकवून विचारलं असतंत, म्हणजे पंचांगवाली का? आणि मी चिडले असते. आता चिडायलाही कोणी उरलेलं नाही. बाहेर चैत्राआधीच ऊन भाजत होतं आणि आत थंडी इतकी की मी शाल गुंडाळून व्यासपीठावर बसले होते. मी म्हटलं, यापुढचा जमाना सूर्याचा आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दहा वर्षांपूर्वी अशाच एका व्यासपीठावरून मी काय काय सांगितलं होतं आणि त्यातलं काय फसलं, हे कोणी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. आमच्या धंद्यात तशी पद्धत नाही.

तुमची पद्धत होती. अमृतराव घाटाच्या वरच्या अंगाला आपल्या मराठी मंडळींची जी धर्मशाळा आहे, तिच्या दिवाणखान्यात दर पाडव्याला सकाळी सगळे जमायचे. भिक्षुकी करणारे, पाठशाळेत शिकवणारे, रेल्वेतले, बँकेतले, आणि विद्यापीठात फिजिक्स शिकवणारे एकटे तुम्ही. कडुनिंबाची चटणी तोंडात टाकून सगळे तोंड वाकडं करायचे, मग गुरुजी नव्या पंचांगातून वर्षाचं फळ वाचायचे. यंदा राजा कोणता ग्रह, मंत्री कोणता, पाऊस किती, काय महाग होईल. मी शाळेत असताना एका वर्षी गुरुजींनी थट्टेने तुम्हांला म्हटलं, प्राध्यापकसाहेब, तुमचं सायन्स काय म्हणतं तेही ऐकवा की. तुम्ही पुढच्या वर्षी खरोखरच चार फुलस्केप कागद लिहून नेलेत. दिल्लीतलं सरकार, विजेची कटौती, रॉकेल, गंगेचं पाणी, मुलींची लग्नं, आपल्यातली किती घरं गाव सोडतील, सगळं त्यात होतं. आणि त्याच्या पुढच्या वर्षापासून तुम्ही नियम केलात, की आधी गेल्या वर्षीच्या चुका वाचायच्या, मगच पुढचं बोलायचं. जुन्या कागदांवर लाल पेन्सिलीने खुणा केलेल्या असायच्या. तुम्ही उभे राहून, हजेरी घेतल्यासारखे, एकेक चूक वाचायचात. गुरुजी म्हणायचे, आमचे ग्रह बरे, त्यांना माफी मागावी लागत नाही. सगळे हसायचे, तुम्हीही हसायचात. पण मी पाहिलंय, चुका वाचून झाल्यावर लोक जे कान देऊन ऐकायचे, तसं पंचांगाचं फळही ऐकायचे नाहीत. जो माणूस आपलं चुकलेलं एवढं स्वच्छ सांगतो, त्याने जे चुकांत वाचलं नाही ते बरोबरच असणार, अशी त्यांनी मनाशी गाठ मारून घेतली होती. यात काही धोका असेल, हे तेव्हा तुमच्या किंवा माझ्या डोक्यात आलं नाही.

उन्हाच्या पेटीचं भाकीत त्यातलंच. लाकूड आणि रॉकेल लवकरच परवडेनासं होईल आणि या शहरातल्या प्रत्येक गच्चीवर ऊन साठवून अन्न शिजवणारी एक पेटी असेल, असं तुम्ही एका पाडव्याला वाचलंत. तुमचा एक जुना विद्यार्थी, आपल्याच मंडळींतल्या पुजाऱ्याचा मुलगा, तेव्हा रेल्वेच्या कारखान्यात पक्क्या नोकरीवर होता. त्याने ते ऐकलं आणि वर्षाच्या आत नोकरी सोडून, आपल्या मुन्शी घाटाकडच्या गल्लीत तळमजल्यावर एक कमरा घेऊन अशा पेट्या बनवायला सुरुवात केली. मी त्याला दादा म्हणत असे. पहिली पेटी आपल्याच गच्चीवर आली. आतून काळी, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा. त्यात पहिल्यांदा वरण-भात शिजला त्या दिवशी तुम्ही जिन्यावरून धावत खाली आलात, मला ते पातेल्याच्या वासासकट आठवतं. आई गेल्यापासून स्वयंपाकघर आत्याच्या ताब्यात होतं. तिने भात चिमटीत घेऊन पाहिला, छान शिजलाय म्हणाली, आणि तो देवाला दाखवणार नाही असंही म्हणाली. अग्नी नाही, मग नैवेद्य कसला? सूर्य हाच अग्नी, असं तुम्ही तिला अर्धा तास शास्त्राधाराने सांगितलंत. आत्या भांडी घासता घासता म्हणाली, "सूर्य देव आहे, चूल नाही. देवाला काय स्वयंपाकाला लावतोस?"

आत्याचं मन तुम्हांला कदाचित वळवता आलं असतं, माकडांचं नाही. बनारसच्या गच्च्या माणसांच्या आधी माकडांच्या आहेत, हे तुम्ही जन्मभर तिथे राहून विसरलात. आरशात दुसरं माकड दिसलं की ते त्याच्याशी भांडायचं आणि आरसा फुटायचा. दादाने लोखंडी जाळी लावली, तर ऊन कमी पडून डाळ टणक राहायला लागली. त्यात आपल्या गल्ल्यांत घरं अशी एकमेकांच्या अंगावर रेललेली की निम्म्या गच्च्यांवर दुपारनंतर सावली. पुढच्या पाडव्याला तुम्ही चुकांच्या यादीत गंभीर चेहऱ्याने वाचलंत, "माकडांचा विचार केला नव्हता." दिवाणखाना इतका हसला की गुरुजींच्या मांडीवरचं पंचांग खाली पडलं. दादाही हसला. पण तुम्ही माकडं चुकांत वाचलीत, पेटी नाही. त्याने तेवढंच नेमकं ऐकलं असणार.

मग नव्वदीची ती वर्षं आली. सकाळी बत्ती जायची ती दुपार उलटल्यावर यायची. पाण्याचा पंप चालायचा नाही, आणि तुम्ही शिकवायला जाण्याआधी नळावर बादली घेऊन उभे असायचात. तुमच्या कागदांतून विजेचे आकडे हळूहळू कमी झाले आणि माणसांबद्दल जास्त यायला लागलं. ब्याण्णवच्या डिसेंबरमध्ये संचारबंदी लागली तेव्हा घरात रॉकेल नव्हतं. आत्याने स्वतःहून पेटी उघडायला सांगितली. धुक्यातून आलेलं ऊन ते केवढं, तीन वाजेपर्यंत खिचडीचे दाणे कच्चेच होते. आपण गच्चीवर बसून ती पेटी राखत होतो आणि खालून, दूरच्या मोहल्ल्यातून, घोषणा ऐकू येत होत्या. तुम्ही पुन्हा पुन्हा आरशाचा कोन बदलत होतात. पाडव्याला चुकांत वाचलंत, की मी धरून चाललो होतो, ज्यांच्या घरात वीज नाही ते एक दिवस एकत्र येऊन वीज मागतील. त्यांनी दुसरंच मागितलं. हे भाकीत पुढे ढकलत नाही, रद्द करतो. त्या वेळी कोणी हसलं नाही. दोन-तीन जण तर मधूनच उठून गेले, आणि घरी येताना आत्या म्हणाली की सणाच्या दिवशी हे कशाला.

त्यानंतर दोन वर्षांनी तुमच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. तुम्ही माझी शाळेतली पाटी शोधून काढलीत आणि तिच्यावर लिहून बोलायला लागलात. त्या पाडव्याचे कागद तुम्ही लिहायचे आणि मी वाचायचे असं ठरलं. मी चोवीस वर्षांची, एम.एस्सी. झालेली, आणि स्वतःला बरीच शहाणी समजणारी. कागद मी आदल्या दिवशी वाचून पाहिले. चुकांची तीन पानं होती. तिसऱ्या पानावर एकच चूक होती आणि ती पानभर होती. तुम्ही लिहिलं होतंत, की माझ्या भाकितावर विसंबून इथे बसलेल्या एका माणसाने पक्की नोकरी सोडली. उन्हाच्या पेटीचं भाकीत चूक होतं. सूर्य येईल, पण या पेटीतून येणार नाही आणि या माणसाच्या उमेदीच्या वयात येणार नाही. त्याने हे काम आज बंद करावं. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एक जागा निघते आहे, तिथे मी त्याच्यासाठी शब्द टाकला आहे. दोष त्याच्या हातांचा नाही, माझा आहे, आणि हे सगळ्यांसमोर सांगणं मला भाग आहे.

दिवाणखान्यात दादा पहिल्या ओळीत बसला होता, शेजारी वहिनी. तुम्ही माझ्या बाजूला खुर्चीवर, गळ्याला मफलर, मांडीवर पाटी. मी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. लोक नेहमीसारखे हसले. तुम्ही हसलात तेव्हा नुसती मान हलली, आवाज आलाच नाही. मला वाटलं, ज्या माणसाला उत्तर देता येत नाही, त्याला मी आपल्या हाताने सगळ्यांपुढे उघडं पाडू? मी तिसरं पान दुसऱ्याच्या मागे सरकवलं आणि पुढचं वर्ष वाचायला लागले.

आजवर मी स्वतःला एवढंच सांगत आले. पण आणखी एक गोष्ट होती, ती तुमच्यापासून लपली असेल असं मला वाटत नाही. दिल्लीच्या संस्थेत मी शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता आणि त्यात दादाच्या कमऱ्याबद्दल दोन परिच्छेद लिहिले होते, आमच्या गल्लीतला सौर ऊर्जेचा यशस्वी प्रयोग म्हणून. मुलाखत पुढच्या महिन्यात होती. जे अर्जात यशस्वी होतं ते पाडव्याला चूक म्हणून वाचायला माझी जीभ वळेना. कोणाला कळलं नसतं, दिल्लीला कोण सांगायला जाणार होतं. तरी वळली नाही.

घरी आल्यावर तुम्ही पाटीवर लिहिलंत, एक पान राहिलं. मी म्हटलं, पानं चिकटली असतील बाबा, दिसलंच नाही. तुम्ही ते पुसून लिहिलंत, "पुढच्या वर्षी आधी हेच वाच." तुम्ही मला शाळेत असतानासुद्धा एवढ्या कमी शब्दांत रागावला नव्हतात.

पुढचं वर्ष तुमच्या वाट्याला नव्हतं. पंधरा दिवसांत तुम्ही अंथरूण धरलंत. एके दुपारी दादा भेटायला आला होता. मी आतून सरबत घेऊन आले तेव्हा तो हसत हसत तुमची पाटी आपल्या रुमालाने पुसत होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि माझ्यावरची नजर काढेनात. मला वाटलं, पाणी हवंय. मी चमच्याने पाणी दिलं. तुम्ही प्यायलात, आणि डोळे मिटून घेतलेत. वैशाखात तुम्ही गेलात. मणिकर्णिकेवर लाकडं पुरुषभर रचलेली होती, तुमच्या भाकिताप्रमाणे ती तेव्हा महाग व्हायला हवी होती, संपायला हवी होती. दादाने खांदा दिला. त्याच आठवड्यात माझी मुलाखत झाली, निवड झाली, आणि आषाढात मी दिल्लीला निघून गेले.

तुम्हांला वाटेल, एवढ्या वर्षांत जगाचं काय झालं ते तरी सांग. सूर्य आला, बाबा. तुम्ही म्हणालात तसाच आला, पेटीतून नाही. मैलोन् मैल जमीन काळ्या काचांनी झाकली आहे. ज्यांची जमीन होती ते तिथे कुंपणाबाहेर रखवालदार आहेत, आणि वीज दूरच्या शहरांत जाते. आपल्या गल्लीत आता बत्ती क्वचित जाते. घराघरांत उजेड आहे आणि त्या उजेडात लोक दिवसभर हातातल्या फोनवर एकमेकांबद्दल जे वाचतात, ते ऐकून तुम्ही पाटी फोडली असतीत. मी तरुण असताना लिहायचे, की वीज पोचली की माणूस शिकेल, शिकला की प्रश्न विचारेल, प्रश्न विचारले की राज्य बदलेल. एकेक पायरी मोजून आकृत्या काढायचे. आता त्या आकृत्या दाखवताना मला लाज वाटते, पण दाखवते, कारण निराश माणसाला कोणी परिषदेला बोलावत नाही. खरं विचाराल तर मला पुढचं काहीच बरं दिसत नाही. गंगा उन्हाळ्यात आणखी आत सरकली आहे. ज्यांच्या हातात निर्णय आहेत ते आमचे अहवाल वाचतात, त्यातली चांगली वाक्यं भाषणात घेतात आणि करायचं तेच करतात. मी भविष्य सांगते म्हणजे त्यांना हवं ते नीट भाषेत लिहून देते. लाल पेन्सिल मी तुमच्या टेबलावरून आणली होती, ती अजून नवीच आहे.

परिषद संपल्यावर मी गल्लीत गेले. ते तिसरं पान दिल्लीहून पर्समध्ये घालून नेलं होतं. दादाला द्यायचं आणि सांगायचं असं ठरवून गेले होते, हॉटेलातून जाताना गाडीत तीनदा मनाशी म्हणून पाहिलं होतं. तळमजल्यावरच्या कमऱ्यात आता मोबाइलचं दुकान आहे. दादा वर दोन खोल्यांत राहतो. गुडघे गेलेत, दात गेलेत. वहिनी शिलाई मशीनवर बसली होती, ब्लाउज शिवत होती. दादाला मला पाहून फार आनंद झाला. त्याने टीव्हीवर मला बोलताना पाहिलं होतं. सरांची मुलगी, सरांचंच बोलते, असं तो दोनदा म्हणाला. मग आपणहून पेटीचा विषय काढला. तुमच्यानंतर अकरा वर्षं त्याने ती चालवली, हे मला तेव्हा कळलं. गॅस घरोघर आला, तरी चालवली. एकही पेटी विकली गेली नाही अशी वर्षं गेली. घर वहिनीच्या मशीनवर चाललं.

मी विचारलं, सोडली का नाहीस?

"सरांमुळे," तो म्हणाला. "ते मला दोनदा बोलले होते, सोडून दे. मी बोललो, सर, असं कमऱ्यात बसून नाही. पाडव्याला चुकांत वाचा, सगळ्यांसमोर, मग मानीन. अरे, ते तर माकडंसुद्धा वाचायचे. त्या वर्षी तू वाचलंस, त्यात माझं नाव नव्हतं. मग मी समजलो, सरांना पेटी चूक वाटत नाही. शेवटी बिमार होते तेव्हाही पाटीवर लिहिलं त्यांनी, सोड. मी पुसून टाकलं. बोललो, सर, चुकांत तर आलं नाही."

तो हसत होता, त्या दुपारी हसत होता तसाच. पाणी हवंय असं समजून मी तुमच्या तोंडात चमचा घातला होता.

मशीन थांबलं होतं. वहिनीने दोरा दातांनी तोडला, कापड बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. तिच्या बोटांच्या टोकांना सुयांनी घट्टे पडले आहेत. ती म्हणाली, "ताई, कागद तुमच्या हातात होते. सरांनी खरंच काही लिहिलं नव्हतं? मी ह्यांना तेव्हापासून बोलते, सर असं लिहिल्याशिवाय राहणार नाहीत."

पर्स माझ्या मांडीवर होती. तिची चेन उघडायला दोन बोटं पुरली असती. दादा माझ्याकडे पाहत होता, उत्तर त्याला आधीच ठाऊक असल्यासारखा, आणि त्या क्षणी मला कळलं की पान काढलं तर त्याच्याकडे काय उरेल. नाही काढलं तर हिच्याकडे काय उरेल, हेही कळलं. दोघांपैकी एकाला मी उघडं पाडणारच होते.

मी म्हटलं, "नाही वहिनी. काही नव्हतं."

दादा तिला म्हणाला, बघ. ती चहाचे कप उचलून आत गेली, आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही. मी असं म्हटलं ते दादाची दया येऊन म्हटलं, असं मी विमानात बसून ठरवलं. मफलर गुंडाळलेल्या तुमच्याकडे पाहूनही मी असंच काहीतरी ठरवलं होतं, तेव्हा या ठरवण्याला फार अर्थ नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. त्या पानाच्या घडीत घालून ठेवते आहे. पुढच्या आठवड्यात पाडवा आहे. धर्मशाळेत आता दहा-बारा घरंच जमतात म्हणे, वाचायला कोणी नसतं. मला बोलावणं आलं होतं. मी कळवलं, की वेळ नाही. वेळ आहे, बाबा.